दोन ठिपक्यांच्या मधली जागा

आलेख काढायला तक्ता हातात आला की मी आधी त्यातल्या ओळींची अदलाबदल करून पाहतो. २०११च्या जनगणनेतलं स्त्री-पुरुष प्रमाण घ्या. दर हजार पुरुषांमागे केरळात १०८४ स्त्रिया, गोव्यात ९७३, महाराष्ट्रात ९२९, हरियाणात ८७९. हरियाणा वर नेला, केरळ खाली आणला, तरी माहितीचं काही बिघडत नाही. असा तक्ता स्तंभालेखाचा. इथे ठिपके जोडून रेषा ओढली, तर गोव्याकडून महाराष्ट्राकडे येताना काहीतरी घसरत गेलं असं वाटतं. तो उतार केवळ ओळींच्या क्रमातून आलेला असतो. क्रम बदला, लगेच चढ होतो.

पानावर जागा कमी असली की उभा अक्ष शून्याऐवजी ८५०पासून सुरू करण्याचा मोह होतो. मग हरियाणाच्या स्तंभाला उंची उरते २९ची आणि केरळच्या २३४ची. आकडे खरेच, पण चित्रात केरळ हरियाणाच्या आठपट! स्तंभ पाहताना आपण त्याची लांबी जोखतो, म्हणून तो शून्यावरच उभा हवा. तसा काढला की फरक फारच मवाळ दिसतो आणि ‘यात बातमी कुठे आहे?’ असं संपादक विचारतात. अशा वेळी मी प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर आकडा लिहितो. अक्षाला हात लावत नाही.

आता एकट्या महाराष्ट्राचा तक्ता : १९९१मध्ये ९३४, २००१मध्ये ९२२, २०११मध्ये ९२९. ही अदलाबदल चालणार नाही. शिवाय मधल्या वर्षांतही हे प्रमाण काहीतरी होतंच, फक्त मोजलं गेलं नव्हतं. म्हणून रेषेला आधार आहे. रेषेत लांबीपेक्षा चढउतार पाहिला जातो, त्यामुळे अक्ष ९००पासून सुरू केला तरी चालतो; तसं ठळक लिहायचं मात्र. ठिपके मी मुद्दाम मोठे ठेवतो. मोजणी तीनदाच झाली आहे आणि मधला भाग अंदाजाचा आहे, हे वाचकाला दिसायला हवं.

पावसाशी आलं की क्रमाची ही कसोटी अपुरी पडते. महिन्यांचा क्रम तर ठरलेला, तरी भूगोलाच्या वहीत तापमानाची रेषा असते आणि पावसाचे स्तंभ. तापमान जूनमधून जुलैत सलग जातं. तापमापक कधीही पाहा, आकडा मिळतो. महिन्याचा पाऊस ही बेरीज असते आणि ती त्या-त्या महिन्यापुरतीच. ठिकाणांचंही तसंच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७४. हे दोन ठिपके जोडले, तर दादरला किती पडला हे न मोजताच सांगितल्यासारखं होईल.

विल्यम प्लेफेअरने १७८६मध्ये ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास’ काढला, तेव्हा इंग्लंडचा व्यापार त्याने वर्षानुवर्षांच्या रेषांनी दाखवला. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते. म्हणून तिथे त्याने देशवार आडव्या पट्ट्या काढल्या. त्यांत काळ दिसत नाही, म्हणून त्याला स्वतःला तो आलेख कमी उपयोगाचा वाटला. मला तो त्या पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक आलेख वाटतो : हाती नसलेली वर्षं त्याने रेषेने भरून काढली नाहीत.