पापडाच्या खाटेवरचं मंडळ

यावल तालुक्यात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस पहाटे चारला उगवतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. पण बिबडे वाळायला हेच ऊन लागतं. म्हणून सगळं काम सूर्य वर येण्याआधी उरकायचं. ज्वारी दोन-तीन दिवस आधी भिजत घातलेली असते. दळून-भरडून तयार झालेलं पीठ पहाटे आधणात वैरतात. तीळ, जिरं, लसूण, मिरची, मीठ पडतं. एक बाई जाळ सांभाळते, दुसरी मोठ्या पातेल्यातला घाटा घोटते, हात भरून आले की तिसरी पुढे येते. खाटेवर ओलं धोतर किंवा जुनं लुगडं पसरलेलं असतं. गोळा गरम असतानाच, हाताला पाणी लावून, थापायचा. थंड झाला की तो पसरत नाही. बिबडे सुकले की कापड उलटं करायचं, मागून पाणी शिंपडायचं, म्हणजे अख्खा बिबडा अलगद सुटतो.

हे एकटीचं काम नाही. उडदाच्या पापडाचं पीठ कुटणं, कुरडयांसाठी गव्हाचा चीक घोटणं, हेही नाही. म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. कुठे नोंद नसते, पण कोण आली आणि कोणी दुखण्याचं निमित्त सांगितलं, हे गल्लीतल्या प्रत्येकीला पाठ असतं. लाटणं चालू असताना कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या मुलीचं स्थळ मोडलं, कोणाच्या नवऱ्याचा हात सुटतो, सगळं बोललं जातं. खेड्यातल्या महिला मंडळावर लिहिताना मला आधी ही खाट दिसते. नोंदणी, शिक्का, अध्यक्ष-सचिव हे सगळं तिच्यानंतरचं.

याच तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबूसारख्या साध्या सामानातून उभी केलेली सजावट नंदलाल बोस यांची. खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन गांधीजींनी केलं. हातकुटाई, घाणी, चरखा देशाच्या राजकारणाच्या मांडवात आले, ही मोठीच गोष्ट. यातली कितीतरी कामं घराघरांत बायकाच करत होत्या. मात्र फैजपूरचं नाव निघालं की पुढाऱ्यांचीच यादी सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याबरोबर ग्रामसेविका गावात आली. महिला मंडळ, बालवाडी, शिवणवर्ग ही त्या काळाची ठरलेली त्रयी. १९७५ मध्ये दोन गोष्टी घडल्या: फेब्रुवारीत महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', स्थापन झालं आणि ऑक्टोबरात एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला. २०११ पासून 'उमेद', म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान. दहा ते वीस बायकांचा गट, ठरलेल्या दिवशी बैठक, बचत, आपसात कर्ज, परतफेड, हिशोबाची वही. गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. कागदावर घडी चोख बसते.

गावात मात्र दोन तऱ्हेचे गट दिसतात. एका गटात बायका आधी एकमेकींना धरून होत्या, पैसा मागून आला. दुसऱ्यात पैसा आधी आला. खासगी वित्तसंस्थांच्या कर्जासाठी जमलेले गट दुसऱ्या तऱ्हेचे. एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा, त्यामुळे कालपर्यंत पापड लाटायला येणारी शेजारीण आज वसुलीला दारात उभी राहते. दोन्हींना लोक 'गट'च म्हणतात आणि दोन्हींचे फोटो सारखेच निघतात. माझ्या मते मंडळाची परीक्षा कर्जाच्या आकड्यात नाही. हप्ता चुकला त्या आठवड्यात त्या बाईकडे कोणी गेलं का, यात आहे.

खानदेशाला अशा जमण्याची सवय जुनी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई (कुठे भुलाबाई) बसते. मुली टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, झाकलेला खाऊ डबा हलवून ओळखायचा. गाण्यांत सासरचं गाऱ्हाणं उघड असतं आणि देवाचं गाणं म्हणून ते खपून जातं. श्रावणात कानबाई देवी येते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजताना अनेक घरांत घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ धरतात. राबायचं बायकांनी, मोजदाद पुरुषांची! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये छापली गेली म्हणून उरली. बाकीच्या जात्यांवरचं बरंचसं हवेत गेलं.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगता येत नाही. खाट गल्लीची असते आणि गल्ली जातीची. यावलचा दक्षिणेकडचा पट्टा केळीचा, काळ्या जमिनीचा. उत्तरेला सातपुडा, तिथे तडवी आणि पावरा वस्त्या. केळीच्या बागेत मजुरीला डोंगरपायथ्याची बाई येते, पण बिबड्यांच्या फेऱ्यात ती नसते. बचत गटही बहुधा याच रेषेवर बनतात, कारण एकमेकींवर विश्वास असलेल्या बायकांनी गट करावा, हा सल्ला रास्त असला तरी विश्वास गल्लीपुरताच असतो. ग्रामसंघात सगळे गट एका सतरंजीवर यायला हवेत. तिथे पहिल्यांदा नावानिशी ओळख होते, हेही काही कमी नाही.

या ओळखीचा कस लागतो दारूबंदीत. गावातलं परवानाधारक दुकान बंद करायचं तर नियमानुसार किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान. 'आडवी बाटली', म्हणजे दुकान बंद करण्याचा कौल, जिंकायला झालेल्या मतांची निम्मी पुरत नाहीत, नोंदलेल्या मतदारांची निम्म्याहून अधिक लागतात. म्हणजे जी आली नाही, ती उभ्या बाटलीच्याच पारड्यात. त्या दिवशी कोण केळीच्या बागेत आहे, कोण माहेरी गेली आहे, कोणाला सासू बाहेर पडू देणार नाही, हे माहीत असलेलं मंडळच मतं गोळा करू शकतं. ही माहिती कुठल्या वहीत नसते, ती पापड लाटताना जमलेली असते.

आणि हा कायदा चालतो तो परवान्याच्या दुकानापुरता. डोंगरपायथ्याला मोहाची हातभट्टी लागते. तिला परवानाच नाही, तर मतदान कशावर घेणार? तिथे बायकांनी मिळून भट्टीची जागा दाखवायची, पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा, छाप्यात ड्रम फुटले की काही दिवस शांत जायचे. पुढे मोहफुलांचा हंगाम आला की पुन्हा अर्ज, आणि ठाण्यात साहेब नवीन आलेले असले तर सगळं पहिल्यापासून सांगायचं. म्हणून जाणत्या बायका पहिल्या अर्जाची पोच घेतलेली प्रत डाळीच्या डब्यात जपून ठेवतात.