कर्ज फिटेनासे झाले तर : नादारीचा अर्ज

समजा, रायपूरच्या पंडरी बाजारात कपड्याच्या दुकानावर तुम्ही काम करता. पगार 18,000 रुपये आणि महिन्याचे हप्ते 21,000 रुपयांचे. एक हप्ता भरायला दुसरीकडून उचल घ्यायची, हे वर्षभर चालले आहे. अशा वेळी कोणीतरी सांगते, "दिवाळे काढा, सुटाल." कायद्यात तशी सोय आहे, पण ऐकीव माहितीइतकी ती सोपी नाही.

2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. अगदी गरीब कर्जदारासाठी त्यात 'नवी सुरुवात' नावाची सोयही लिहिली आहे : वार्षिक उत्पन्न 60,000 पर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, कर्ज 35,000 पर्यंत आणि स्वतःचे घर नसावे. मात्र 1 डिसेंबर 2019 पासून हा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. तुमच्याआमच्यासाठी अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. शंभर वर्षांचा जुना असला तरी तो मेलेला नाही.

या कायद्याखाली अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. कर्ज फेडण्याची ऐपत नाही आणि देणे निदान 500 रुपयांचे आहे, एवढे दाखवावे लागते. (रक्कम 1920 ची आहे, हसू नका.) अर्जात प्रत्येक सावकाराचे नाव, पत्ता व रक्कम आणि तुमच्या प्रत्येक वस्तूची किंमत लिहायची. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि येणारा पैसा देणेकऱ्यांत प्रमाणात वाटला जातो. न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणी नवा दावा लावू शकत नाही. नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, भविष्यनिर्वाह निधी यांना हात लागत नाही. पण गहाण ठेवलेले घर किंवा गाडी असेल, तर त्यावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो.

खरी सुटका पुढे आहे. ठरवून दिलेल्या मुदतीत तुम्ही मुक्ततेचा अर्ज करायचा असतो. तो केला नाही तर नादारी रद्द होऊ शकते आणि कर्ज पुन्हा मानगुटीवर बसते. मालमत्ता 'रुपयास आठ आणे' इतकीही भरत नसेल, तर आपल्या हातात नसलेल्या कारणाने हे झाले, असे पटवावे लागते. घरातल्या आजारपणाची दवाखान्याची बिले इथे कामी येतात. जुगाराचे देणे येत नाही. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणे, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि पोटगी सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही. तुमच्या कर्जाला मेहुण्याने सही केली असेल तर वसुलीवाले त्याच्या दारात जातील, म्हणून अर्जाआधी त्याच्याशी बोला.

लोक घसरतात ते एका गोष्टीत : स्कूटर भावाच्या नावे करून ठेवणे. अर्जाआधीच्या दोन वर्षांत असे मोफत हस्तांतर झाले असेल तर ते रद्द ठरवता येते. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच सावकाराला झुकते माप देऊन पैसे फेडले, तर तेही टिकत नाही. मुक्तता होईपर्यंत 50 रुपयांची उधारी घेतानाही 'मी नादार आहे' हे सांगावे लागते. न सांगणे हा गुन्हा आहे.

म्हणून माझे मत, आधी तडजोड करून पाहा. बँकेकडे मुदतवाढ लेखी मागा. लोकअदालतीत रक्कम ठरली तर तो निकाल दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढीच रक्कम कबूल करा. बँकेच्या वसुली एजंटाने सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पाळत नसेल तर आधी बँकेकडे, मग 14448 वर तक्रार करा. आणि निव्वळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितले आहे.

वकिलाची ऐपत नसेल तर रायपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जाताना सगळे कर्जकरार, पासबुक, पगाराची पावती आणि सावकाराच्या चिठ्ठ्याही घेऊन जा. ज्या कर्जाची लाज वाटते, त्याची चिठ्ठी सर्वांत आधी काढा.