माळ्यावरची पत्र्याची पेटी

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या डाव्या खणाला घरी ‘अजबखाना’ असे नाव पडले आहे. त्यात एक पेजर आहे, अँटेना ओढून बोलायचा एक जडशीळ मोबाईल आहे, एक पामपायलट आहे, फ्लॉप्यांचा गठ्ठा आहे आणि ज्यांना जोडावयाचे यंत्र आज घरात नाही अशा अनेक तारा आहेत. बाजारात नवे उपकरण आले की ते आपल्याकडे असावे, ही माझी जुनी खोड. इंदूरच्या जेल रोडवरील काही दुकानदार मला डॉक्टर म्हणून ओळखतात, त्याहून अधिक गिऱ्हाईक म्हणून ओळखतात. सौभाग्यवतींच्या मते त्या खणात आमच्या एका काश्मीर सहलीचा खर्च पडून आहे. हिशेब त्यांनी केलेला असल्यामुळे तो बरोबरच असणार.

हा छंद निव्वळ हौसेचा असता, तर त्यासाठी स्मरणिकेची पाने अडविण्याचे कारण नव्हते. परंतु या छंदाने मला एकदा अशा जागी आणून उभे केले की, तेथे माझ्या यंत्रांपेक्षा रुग्णाचे हित पणाला लागले होते. ती हकिगत व्यवसायबंधूंपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्यानंतर काही वर्षांनी मी मोबाईल घेतला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे रुग्णाचा फोन आला की मी “घरच्या फोनवर करा” एवढेच सांगून तो ठेवीत असे. मग उपकरण कशासाठी घेतले, या सौभाग्यवतींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

१९९९ मध्ये अमेरिकेहून येणाऱ्या एका नातेवाइकाकरवी मी पामपायलट मागविला. तळहाताएवढ्या त्या यंत्राच्या पडद्यावर काडीने अक्षरे काढावी लागत, तीही त्याने शिकविलेल्या खास वळणाची. वयाच्या चाळिशीत मी पुन्हा मुळाक्षरे गिरवली. दूरध्वनी क्रमांक, भेटीच्या वेळा, औषधांच्या मात्रा असे सारे त्यात भरले. एका गणेशोत्सवात ते खणातच विसरून मी पुण्याला गेलो. परत येऊन पाहतो, तो यंत्र कोरे. त्याची स्मृती बॅटरीच्या जिवावर टिकत असे, बॅटरी संपली की स्मृतीही पुसली जाई. सुदैवाने संगणकात प्रत होती. यंत्र त्याच्या पाळण्यात ठेवून बटण दाबताच सारे परत आले. त्या दिवशी मी एक चुकीचा धडा शिकलो. संगणकात आहे म्हणजे ते कायमचे आहे, असे मी धरून चाललो.

त्याच भरात २००१ मध्ये दवाखान्यासाठी संगणक आला आणि रुग्णांच्या नोंदी ठेवणारा एक प्रोग्राम विकत घेतला. तो चालविण्यासाठी संगणकामागील प्रिंटरच्या खाचेत एक किल्ली बसवावी लागे. तोवर आमच्या नोंदी पिवळ्या कार्डांवर असत. दोन उन्हाळे खपून त्या संगणकात भरल्या. काम संपल्यावर मी कंपाउंडरकाकांना सांगितले, “काका, आता ही कार्डे रद्दीत द्या.” काकांनी मान डोलावली. वडिलांच्या काळापासून ते दवाखान्यात होते. माझी आज्ञा ऐकून घेणे आणि ती पाळणे या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या होत्या.

पुढली आठ वर्षे सुखाची गेली. रुग्णाचे नाव टंकले की त्याचा सारा इतिहास पडद्यावर येई. येणाऱ्यांना त्याचे अप्रूप वाटे आणि मलाही आवडे. २००९ च्या पावसाळ्यात संगणकातून टक् टक् असा आवाज येऊ लागला आणि दोन दिवसांत हार्ड डिस्क निमाली. मी घाबरलो नाही. दर महिन्याला नोंदींची सीडी करण्याची शिस्त मी पाळली होती. नवा संगणक आणला, तेव्हा तीन गोष्टी एकामागून एक उघड झाल्या. नव्या संगणकाला ती किल्ली बसविण्याची खाचच नव्हती. प्रोग्राम विकणाऱ्याने दुकान केव्हाच बंद केले होते आणि त्याचा फोन लागत नव्हता. आणि सीड्यांपैकी ज्या उघडत होत्या, त्यांतील नोंदी त्या एका प्रोग्रामखेरीज कोणालाही वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात होत्या. माझ्याकडे प्रती होत्या, पण वाचता येण्याजोगी एकही नव्हती.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आमच्या जुन्या रुग्ण असलेल्या एक मावशी लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आल्या. तपासले आणि सवयीने कोट्रायमोक्साझोल लिहिण्यासाठी कागद ओढला. लिहिण्यापूर्वी नेहमीप्रमाणे विचारले, “मावशी, एखादे औषध सोसत नाही असे काही?”

मावशी म्हणाल्या, “अहो डॉक्टर, मला एका गोळीनं अंगभर फोड आले होते ना! तोंडसुद्धा सोलून निघालं होतं. नाव काही ध्यानात नाही बाई. तुम्हीच तर म्हणालात, ‘मशीनमध्ये घातलंय, आता तुम्ही काळजी करू नका.’”

त्यांनी खरोखरच काळजी केली नव्हती. जुनी चिठ्ठी जपली नव्हती, नाव पाठ केले नव्हते. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी ते ओझे माझ्याकडे सोपविले होते आणि मी ते हरवून बसलो होतो. लेखणी हातात तशीच राहिली. प्रसंग १९९४ च्या सुमाराचा, वडील दवाखान्यात बसत असतानाचा, एवढेच हाती लागले.

दाराशी उभे असलेले काका काही न बोलता आत गेले. माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरविल्याचा आवाज आला. पंधरा मिनिटांनी त्यांनी एक पिवळे कार्ड माझ्यापुढे ठेवले. त्यावर वरच्या कोपऱ्यात, वडिलांच्या अक्षरात, तांबड्या शाईने लिहिले होते : ‘सल्फा देऊ नये.’ मी लिहिणार होतो ते औषध सल्फा गटातलेच. अशा रुग्णाला ते पुन्हा दिले तर त्वचा सोलून निघण्याची तीच प्रतिक्रिया अधिक तीव्रतेने येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते, हे येथील वाचकांना सांगावयास नको. मावशींना दुसरे औषध दिले. त्या गेल्यावर मी काकांना विचारले, “रद्दीत द्या म्हणालो होतो ना?” काका म्हणाले, “रद्दीवाला भाव कमी देत होता, साहेब.”

त्या दिवसापासून नवी यंत्रे घेणे काही मी सोडले नाही, तसा दावा केला तर घरातून तत्काळ खंडन होईल. मात्र घेताना विचारावयाचा प्रश्न बदलला. पूर्वी मी विचारीत असे, ‘यात काय काय करता येते?’ आता विचारतो, ‘यातले माझे मला बाहेर काढता येते का, आणि ते दुसरीकडे वाचता येते का?’

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मला माझ्याच मराठीने शिकविले. १९९८ मध्ये मधुमेही रुग्णांसाठी मी एक आहारपत्रक टंकले होते. त्यात पोह्यांबरोबरची जिलबी वर्ज्य करून सराफ्यातील रात्रीच्या फेरीवरही निर्बंध घातले होते. काही वर्षांनी ते उघडले, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत संगणकाच्या लेखी साठलेली असत ती इंग्रजीचीच चिन्हे. त्यांवर देवनागरीचे मुखवटे तो टंक चढवीत असे. टंक गेला की मुखवटे उतरत. प्रत्येक मराठी अक्षराला जगभर मान्य असा स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ पासून होती. विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० च्या आवृत्तीपासून आली. युनिकोडमध्ये लिहिलेले आज कोणत्याही फोनवर वाचता येते. आपल्या मंडळांच्या जुन्या स्मरणिका ज्यांच्या संगणकात जुन्या टंकांत पडून असतील, त्यांनी त्या वेळीच युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात.

अनुभवाने पक्के झालेले काही नियम येथे नोंदवितो. प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या जागी असावी. वर्षातून दोनदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेला रुग्ण. नोंदी पीडीएफसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या रूपातही काढून ठेवाव्यात. जुना फोन वा संगणक विकताना तो पूर्ण पुसल्याखेरीज देऊ नये, कारण त्यात आपली नव्हे, रुग्णांची गुपिते असतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे आणि मागितल्यास त्या ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. पण औषधाची ॲलर्जी तीन वर्षांत संपत नसते.

आता २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली चौदा अंकी आरोग्य क्रमांकाची सोय झाली आहे. मी माझा क्रमांक काढला आहे आणि इतरांनाही काढण्यास सांगतो. तरीही ज्या रुग्णाला एखादे औषध सोसत नाही, त्याच्या हाती मी त्या औषधाचे नाव मराठीत व इंग्रजीत लिहिलेले एक छोटे कार्ड देतो आणि ते पाकिटात ठेवावयास सांगतो. त्याला बॅटरी लागत नाही.

काका आज हयात नाहीत. पेटीतील सारी कार्डे मी स्कॅन करून घेतली. पेटी मात्र माळ्यावरच आहे. वाचकांना एकच विनंती, येत्या दिवाळीत माळा आवराल तेव्हा जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद आणि डिस्चार्ज कार्डे रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवा. एखाद्या कोपऱ्यात तांबड्या शाईने काही लिहिलेले असण्याचा संभव आहे.