पाणी चढण्याआधी किती जीबी?

२२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मालाबरोबर दुकानांतले संगणकही बुडाले. पाणी चढत असताना डेटा हलवायला किती वेळ लागतो? एका लग्नाचं शूटिंग १०० जीबी धरू.

साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १५० एमबी वाचते, म्हणजे अकरा मिनिटं. साटा एसएसडीला (५०० एमबी) साडेतीन मिनिटंही लागत नाहीत. एनव्हीएमई एसएसडी ३,०००च्या पुढे जाते. काम अर्ध्या मिनिटाचं. पण दोन्ही टोकांपैकी जे संथ, त्याचाच वेग मिळतो. सेकंदाला १० एमबी लिहिणारा जुना पेन ड्राइव्ह जोडला, तर पावणेतीन तास. सुटे फोटो हजारोंनी असतील, तर हार्ड डिस्क आणखी रेंगाळते. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर तिचं हेड प्रत्येक फाइल शोधत फिरतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं.

बुडालेली डिस्क ‘चालते का बघू’ म्हणून कृपया सुरू करू नका. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं. तिथून गाळ आत गेला असेल, तर हेड तबकडी खरवडतं. ती तशीच ओली, पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

महाड-पोलादपूरकरांनी बॅकअप मे महिन्यातच उरकावा. तेव्हा घाई नसते, स्वस्तातली हार्ड डिस्कही पुरते. फक्त ती वरच्या मजल्यावर किंवा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे ठेवावी.