सोनोग्राफीत ‘खडा’ निघाला, आता पुढे काय?



तुरीची रास चालू असताना पोटात कळ येते. भालकीला किंवा आळंदला जाऊन सोनोग्राफी होते आणि कागदावर ‘पित्ताशयात खडा’ असे लिहून येते. मग घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, बैल विका आणि आजच ऑपरेशन करा. दुसरा म्हणतो, मुतखड्याची पुडी घ्या, पडून जाईल. दोन्ही मते घाईची आहेत. म्हणून त्या कागदाचा अर्थ आम्ही येथे देत आहोत.

पित्ताशय ही यकृताखालची लहान पिशवी. तिच्यात पित्त साठते आणि जेवल्यावर ती आकसते. म्हणून तपासणीला सहा ते आठ तास उपाशी जावे, सकाळचा दुधाचा चहाही घेऊ नये.

खडा : पडद्यावर पांढरा दिसतो, मागे काळी सावली पडते. कूस बदलली की बहुधा हलतो.

पॉलिप : आतल्या भिंतीला चिकटलेला कोंब. हलत नाही, सावली नसते. १० मिलिमीटर किंवा मोठा असल्यास बहुधा शस्त्रक्रिया सुचवतात.

स्लज : घट्ट झालेल्या पित्ताचा गाळ.

भिंत जाड : ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. डेंग्यूत किंवा यकृताच्या आजारातही ती जाड दिसते.

सीबीडी : पित्ताची मुख्य नळी. ती फुगली असल्यास खडा नळीत अडकल्याची शंका घ्यावी.

खडा आहे पण त्रास नाही, अशा बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार कळ येत असेल, तर सर्जनचा सल्ला घ्यावा. थंडी वाजून ताप, पिवळे डोळे किंवा न थांबणारी कळ असेल, तर रास तशीच सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बिदर व कलबुर्गी येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

मुतखडा लघवीवाटे पडतो. पित्ताशय त्या वाटेवर नाही, म्हणून ती पुडी येथे निरुपयोगी.

ऑपरेशनची धास्तीही नको. बर्लिनच्या लांगेनबुख यांनी १८८२ साली पित्ताशय प्रथम काढले. भारतात दुर्बिणीने ते काम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केले. पिशवीवाचून माणूस नीट जगतो, कारण पित्त यकृतात तयार होते.

संत लूक स्वतः वैद्य होता. प्रार्थना करावी आणि डॉक्टरकडेही जावे. दोन्हींत विरोध नाही.