कॅटकॉन बदलण्याआधी

गेल्या नोव्हेंबरात खंबाटकीचा घाट चढताना माझ्या बारा वर्षांच्या पेट्रोल गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी पिकअप मिळेना, आणि मागून सडक्या अंड्यासारखा वास. एका गॅरेजने स्कॅनर लावला. पी०४२० हा कोड आला. ‘कॅटकॉन गेला, बदलावा लागेल’ असे सांगून त्यांनी अंदाजपत्रक हातात दिले. रक्कम एवढी होती, की मी गाडी दुसरीकडे नेली.

कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधल्या या डब्यात सिरॅमिकची एक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. एका चौरस इंचात साधारण ४०० छिद्रे. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. सगळे मिळून वजन जेमतेम काही ग्रॅम, पण डब्याची किंमत त्यांच्यामुळेच. हे धातू उत्प्रेरकाचे काम करतात. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात, नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून साधा नायट्रोजन बाहेर पडतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. म्हणूनच कॅटकॉन मुदतीआधी गेला, तर त्याला कोणी तरी घालवलेले असते.

शिसे हा त्याचा जुना शत्रू. म्हणून १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटकॉन सक्तीचा झाला, तेव्हाच तिथे शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. आजचे शत्रू इंजिनातूनच येतात. गाडी ऑइल खात असेल, तर ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर थर धरतो. आणि सर्वांत घातक मिसफायर. प्लग किंवा कॉइल नीट ठिणगी देत नसेल, तर कच्चे पेट्रोल तसेच पुढे जाते आणि कॅटकॉनमध्ये पेटते. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की धातूचे कण एकमेकांना चिकटून त्यांचा पृष्ठभाग घटतो. आणखी चढले, तर जाळीच वितळते.

दुसऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी तसाच स्कॅनर लावला, पण यादी शेवटपर्यंत वाचली. खाली पी०३०२ होता : दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. मग त्यांनी स्क्रीनवर दोन ऑक्सिजन सेन्सरांचे आलेख दाखवले. कॅटकॉनच्या आधीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर होतो. कॅटकॉन ऑक्सिजन साठवून ठेवत असेल, तर नंतरच्या सेन्सरची रेष जवळपास सपाट राहते. आमच्याकडे दुसरी रेष पहिलीसारखीच नाचत होती. सेन्सर म्हातारा झाला किंवा पाइपाला गळती असली, तरी असाच कोड येऊ शकतो. त्यामुळे त्यांनी आधी जोडांवर साबणाचे पाणी टाकून गळती नाही ना ते पाहिले. मग कॅटकॉनच्या आधीचा सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज बसवला. २५०० आरपीएमला काटा ३ पीएसआयच्या आत राहायला हवा. तो ५ च्या पुढे गेला. वाट बुजली होती.

डबा उतरवल्यावर मी टॉर्च धरला. चांगल्या जाळीतून उजेडाचे शेकडो ठिपके दिसायला हवेत. इथे निम्म्या भागावर काचेसारखी तुकतुकीत, काळपट खपली. अशा जाळीला टाकीत ओतायचे कुठलेही क्लीनर उघडू शकत नाही.

‘‘साहेब, आधी कॉइल बदलू. नाहीतर नवा कॅटकॉनपण दिवाळीपर्यंत टिकायचा नाही,’’ मिस्त्री म्हणाले. माझ्या मते सगळी काटकसर या एका वाक्यात आहे.

त्यानंतर कंपनीबाहेरचा कॅटकॉन घ्यायला हरकत नाही, मात्र तो तुमच्याच इंजिनासाठी आणि तुमच्या गाडीच्या बीएस मानकासाठी बनवलेला हवा. सेन्सरांची भोकेही जागच्या जागी हवीत. फार स्वस्त मालात मौल्यवान धातू कमी असतात आणि तोच कोड पुन्हा उगवतो. भंगारातला जुना घेऊ नका, त्याचे किती आयुष्य उरले आहे ते बाहेरून कळत नाही. आणि डबा आतून पोकळ करून देणाऱ्याला सरळ नाही म्हणा. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच गल्लीतली मुले श्वासात घेतात.

काम झाल्यावर इंजिन गरम असताना पीयूसी करा आणि पावतीवरचे आकडे वाचा. बीएस-४ पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत हवा. पुढे कधी चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी दामटू नका. लुकलुकणारा दिवा म्हणजे कॅटकॉन जाळू शकणारा मिसफायर. आणि बिल चुकते करण्याआधी जुना डबा मागून घ्या. त्यातले धातू गाळून पुन्हा वापरले जातात आणि त्यांचे पैसे तुमचे आहेत.