रिकाम्या ट्रॅक्टरचे वजन

दसरा झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कोयते घेऊन निघतात आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात. पुढचे चार-पाच महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत रात्री प्रवास करणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. पुढे एक ट्रॅक्टर, त्यामागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला कुठे चमकणारी पट्टी, कुठे नुसते लाल फडके, कुठे तेही नाही. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीवरून उचलल्यासारखी होतात आणि मागचा दुचाकीस्वार श्वास रोखून अंतर वाढवतो.

हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्याविषयी एक साधा प्रश्न आपण विचारत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही नेमकी काय चीज आहे? हलके वाहन की जड? ते चालवायला कोणते लायसन लागते? आणि ट्रॅक्टरने किती ओढायचे, हे कोण ठरवते? उत्तरे मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये आहेत. पण ती एकत्र ठेवून वाचली की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते.

दोन व्याख्या

कायद्याच्या कलम २ मध्ये ट्रॅक्टरची व्याख्या आहे. जे मोटार वाहन स्वतः कोणताही भार वाहण्यासाठी बनवलेले नाही, ते ट्रॅक्टर. ट्रेलरची, म्हणजे आपल्या ट्रॉलीची व्याख्याही तिथेच आहे: मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी असलेले वाहन. आणि खुद्द ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत ट्रेलरचा समावेश केलेला आहे. इंजिन नसलेली ट्रॉली कायद्याने मोटार वाहनच आहे. म्हणून तिची वेगळी नोंदणी लागते, तिला स्वतःचा क्रमांक असतो. शिवाय कलम ६१ सांगते की ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रॉलीवर, आणि एकाहून अधिक ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर, लिहिलेला असला पाहिजे. हेतू उघड आहे. मागून येणाऱ्याला पुढे कोण चालले आहे ते कळावे.

म्हणजे ट्रॅक्टर काही वाहत नाही आणि ट्रॉली आपण होऊन कुठे जात नाही. दोघांना पिनेने जोडले की मात्र माल वाहणारे एक वाहन तयार होते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली नटवर पारीख कंपनी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात हेच सांगितले: ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी हे मालवाहू वाहन ठरते. तो प्रश्न परमिटचा होता.

लायसनच्या प्रश्नावर मात्र त्याच न्यायालयाने २००१ साली, नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात वेगळी दिशा घेतली होती. ज्याच्याकडे ट्रॅक्टर चालवण्याचे वैध लायसन आहे, त्याने मागे ट्रेलर जोडला म्हणून ते लायसन निरुपयोगी होत नाही, असा तो निर्णय. न्यायालयाचा युक्तिवाद व्यवहारी होता. नाहीतर उद्या एखाद्याने आपल्या मोटारीला टपावरचे कॅरिअर बसवले किंवा मागे छोटा ट्रेलर जोडला, की तो विनालायसन चालक ठरायचा.

अशा रीतीने एकच जोडी परमिटपुरती मालगाडी आणि लायसनपुरती नुसता ट्रॅक्टर झाली.

साडेसात टनांची रेघ

‘हलके मोटार वाहन’ म्हणजे काय? कायद्याने ७,५०० किलोची रेघ ओढली आहे, पण ती दोन प्रकारांनी मोजली आहे. माल वाहणाऱ्या वाहनाचे मोजायचे ते भारासह नोंदलेले एकूण वजन. मोटारकार, ट्रॅक्टर आणि रोडरोलर यांचे मात्र मोजायचे ते रिकामे वजन. टेम्पोसाठी ही मोजणी सरळ आहे: गाडी अधिक माल, मिळून साडेसात टनांच्या आत. ट्रॅक्टरचे रिकामे वजन मात्र साधारण दोन टनांच्या घरात असते. साडेसात टनांची रेघ तो कधी ओलांडणारच नाही, मग मागे दहा टन असोत की वीस.

२०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की हलक्या वाहनाचे लायसन असलेला माणूस साडेसात टनांच्या आतले मालवाहू किंवा प्रवासी वाहनही चालवू शकतो, त्यासाठी लायसनवर वेगळी नोंद लागत नाही. विमा कंपन्यांना हे मान्य नव्हते. प्रकरण घटनापीठापुढे गेले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी प्रकरणात पाच न्यायाधीशांनी तोच अर्थ कायम केला. अशा चालकांमुळे अपघात वाढतात हे दाखवणारी आकडेवारी आपल्यापुढे कोणी ठेवलेली नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

हे निर्णय कोणासाठी महत्त्वाचे आहेत ते विसरून चालणार नाही. अपघातात माणूस गेला की विमा कंपनीचा पहिला बचाव असतो तो चालकाकडे योग्य लायसन नव्हते, हा. तो टिकला, तर भरपाईचा बोजा ट्रॅक्टरमालकावर येतो, आणि कर्जाच्या हप्त्यांनी वाकलेल्या त्या मालकाकडून विधवेच्या हाती काय पडणार? म्हणूनच २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात न्यायालयाने ‘कंपनीने आधी भरपाई द्यावी, मग मालकाकडून वसूल करावी’ हा मार्ग पक्का केला. लायसनची व्याख्या उदारपणे वाचण्यामागे ही माणुसकी आहे, आणि ती योग्यच आहे.

पण भरपाई मिळणे आणि अपघात टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले. दुसरा प्रश्न कायदा करणाऱ्यांचा होता आणि तो तसाच राहिला आहे.

जोडीचे वजन

इतरत्र हा हिशेब कसा करतात? अमेरिकेत पिकअप ट्रकमागे घोड्यांचा, गुरांचा, यंत्रांचा ट्रेलर लावणे ही शेतकऱ्याची रोजची गोष्ट आहे. तिथे रेघ ओढली आहे ती जोडीच्या वजनावर. ओढणारे आणि ओढलेले वाहन मिळून ठरवून दिलेले एकूण वजन २६,००१ पौंड (सुमारे ११,७९४ किलो) किंवा त्याहून अधिक असेल, आणि त्यात ट्रेलरचा वाटा १०,००० पौंडांहून (सुमारे ४,५३६ किलो) जास्त असेल, तर व्यावसायिक चालकाचे वरच्या वर्गाचे लायसन लागते. शेतकऱ्यांना यातून सूट देण्याची मुभा राज्यांना आहे, पण तिला अटी आहेत: शेतमालाची वाहतूक, शेतापासून १५० मैलांच्या आत, आणि भाड्याने वाहतूक करण्याचा धंदा नसला पाहिजे. स्वतःचा माल नेणारा शेतकरी आणि खेपेवर पैसे घेणारा वाहतूकदार यांत तिथे स्पष्ट फरक केलेला आहे.

ब्रिटनने उलटा प्रवासही केला आहे. १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा दिलेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. मालट्रकचालकांचा तुटवडा पडला, परीक्षकांचा वेळ मोकळा करायचा होता, म्हणून १६ डिसेंबर २०२१ पासून ती परीक्षा रद्द झाली. तरीही ट्रेलरच्या वजनाची ३,५०० किलोची मर्यादा राहिली. परीक्षा सैल झाली, पण ओढलेल्या वजनाचा हिशेब सुटला नाही.

आपल्याकडे मोटारकारवर परीक्षा देऊन हलक्या वाहनाचे लायसन घेतलेल्या पोराच्या हाती कायदा ट्रॅक्टर देतो, आणि ट्रॅक्टरमागे काय आहे ते विचारत नाही. वास्तविक खरी परीक्षा तिथेच आहे. त्याच वेगाने जाणाऱ्या दोन टनांच्या वाहनापेक्षा वीस टनांची जोडी थांबवायला दहापट ऊर्जा शोषावी लागते. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात, आणि अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. उतारावर भरलेली ट्रॉली ओढली जात नाही, ती ढकलते. ब्रेक दाबताच ती ट्रॅक्टरला आडवे करू पाहते. चढावर हुकावरचा भार ट्रॅक्टरची पुढची बाजू हलकी करतो आणि स्टिअरिंग वळवूनही चाके ऐकत नाहीत. हे सारे चालक शिकतात ते रस्त्यावर, चुकत चुकत.

काट्यावरची चिठ्ठी

लायसनचा कायदा भाराकडे पाहत नसला, तरी भाराचा कायदा आहे. कलम ११३ प्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजन घेऊन कोणतेही वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली दंड आहे २०,००० रुपये, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय वाहन हलवायचे नाही. समजा, ट्रॉलीचे नोंदलेले एकूण वजन आठ टन आहे आणि ती तेरा टन भरली. पाच टन जास्त, म्हणजे दंड ३०,००० रुपये. आणि हा दंड केवळ चालवणाऱ्याला नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा हेही त्या कलमाच्या शब्दांत येतात.

जास्त भार आहे हे कळणार कसे? कलम ११४ ने अधिकाऱ्याला वाहन वजनकाट्यावर न्यायला सांगण्याचा अधिकार दिला आहे. काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरांच्या आत किंवा वाहन जिथे पोहोचायचे तिथून वीस किलोमीटरांच्या आत असावा, एवढीच अट. आता ऊस पोहोचायचा असतो कुठे? जिथे काटा आहे तिथेच. बहुतेक जड वाहनांचे वजन रस्त्यावर कोणी करत नाही. उसाच्या प्रत्येक खेपेचे मात्र होते. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, मग गव्हाणीत रिकामी होते, पुन्हा काट्यावर येते, आणि दोन्ही आकडे चिठ्ठीवर छापले जातात.

या काट्यावर आपल्याकडे आंदोलने झाली आहेत. काटा कमी दाखवतो, काटामारी होते, ही शेतकऱ्याची जुनी आणि रास्त तक्रार आहे. तो तपासायला वैधमापन खात्याची माणसे येतात. पण तोच काटा जेव्हा नोंदणीपत्रापेक्षा पाच टन जास्त दाखवतो, तेव्हा कोणाचीच तक्रार नसते. शेतकऱ्याचा ऊस लवकर जातो, कारखान्याला खेपा कमी लागतात, आणि वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. घेतलेली उचल फेडायची तर एका खेपेत जितके बसेल तितके भरणे त्याला भाग आहे. भार वाढवण्यात सगळ्यांचा फायदा, आणि धोका रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा, किंवा मोळ्यांवर बसून निघालेल्या ऊसतोड मजुराचा. ट्रॅक्टरवर जागा एकट्या चालकाची असते. त्यामुळे तो मजूर पडला, तर विम्याचा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणून नवा कायदा करण्याआधी एक सोपी गोष्ट करता येईल. वजनचिठ्ठीवर भरलेले आणि रिकामे वजन छापतात, तिथेच ट्रॉलीचे नोंदलेले एकूण वजन हा तिसरा आकडा छापावा. मर्यादेवरच्या टनांची वाहतूक देऊ नये. उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण मिळावेत, कारण त्यात त्याचा दोष नाही, पण जास्त भरण्यातला नफा निघून जावा. पुढे केव्हा तरी लायसनच्या व्याख्येतही ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाऐवजी जोडीचे वजन यावे, आणि ट्रॉली जोडून मागे घेणे, उतारावर थांबवणे, याची परीक्षा व्हावी.

यंदाचा हंगाम आता सुरू होतो आहे. ट्रॅक्टरमागे किती वजन होते ते प्रत्येक खेपेला किलोपर्यंत मोजले जाईल, कागदावर येईल आणि फायलीत जाईल. त्या आकड्यावर उसाचे बिल निघते, वाहतुकीचे निघते, तोडणीचे निघते. रस्त्याचा हिशेब मात्र त्यातून अजून कोणी काढलेला नाही.